चालायचंच तर आहे ना?

"काय ड्रायव्हरसाहेब, शेवटी चालायचंच तर आहे ना? मग त्यासाठी आठवड्यातून तीनदा लोकलचे धक्के खात हॉस्पिटलात कशाला जायचं? मैदानाला चार फेऱ्या मारल्या तर फुकटात काम होतं."

बायपास झाल्यापासून हे मला इतक्या जणांनी विचारलंय, की आता तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सविस्तर सांगून टाकतो.

आधी मीही हेच म्हणत होतो. डिस्चार्जच्या कागदावर खाली एका ओळीत 'कार्डिअ‍ॅक रिहॅब' लिहिलं होतं. म्हणजे हृदयाच्या रुग्णांनी हॉस्पिटलात देखरेखीखाली करायचा व्यायाम, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला वाटलं, हे व्यसनमुक्तीचं असणार, आणि तंबाखू तर मी ऑपरेशनच्या आधीच सोडली होती. कागद फाईलमध्ये गेला.

मग दोन महिने मी काय केलं? बसलो. हिने बादली उचलू दिली नाही, ते बरोबरच होतं. छातीचं हाड जुळेपर्यंत वजन उचलायचं नसतं. पण पुढे पुढे पाण्याचा पेलाही हातात मिळायला लागला. जिन्यात जो भेटेल तो "जपा हं" म्हणायचा. छातीत जरा ओढलं की मला घाम. दोनदा मध्यरात्री रिक्षा करून कॅज्युअल्टी गाठली, दोन्ही वेळा ईसीजी नॉर्मल. आणि तुम्ही म्हणता ते मैदान माझ्या खिडकीतून दिसतं. गेलो होतो तिथेही. अर्धी फेरी झाली, धडधडायला लागलं, कट्ट्यावर बसलो आणि मुलाला फोन लावला.

नुसतं बसण्याने काय होतं ते मला नंतर कळलं. १९६६ साली अमेरिकेत डॅलसला विशीतल्या पाच धडधाकट पोरांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवलं, तर त्यांची दमसास पाव हिश्श्याहून जास्त घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं. तीस वर्षांच्या वयानेही तेवढं नेलं नव्हतं, जेवढं त्या तीन आठवड्यांनी नेलं होतं. मी तर साठीचा, तोही दोन महिने खुर्चीत.

शेवटी फाईल चाळताना डॉक्टरांनी तीच ओळ दाखवली आणि दटावलं.

पहिल्या दिवशी फिजिओथेरपिस्ट मुलीने मला कॉरिडॉरमध्ये सहा मिनिटं चालवलं. फरशीवर पट्ट्या मारलेल्या, हातात तिचं घड्याळ. दोनदा थांबून मी २९० मीटर गेलो. अठ्ठावीस वर्षं मुंबईच्या ट्रॅफिकमधून बस काढली आणि एका कॉरिडॉरने मला घाम फोडला!

भिंतीवर एक तक्ता होता, ६ ते २० आकड्यांचा. किती दम लागला ते आपण आकड्यात सांगायचं. ६ पासून का, म्हणून मी विचारलं. बोर्ग नावाच्या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने तो बनवला, आणि आकड्याला दहाने गुणलं की तरुण माणसाचे ठोके साधारण तेवढे येतात. "पण काका, तुमचं ते गणित चालणार नाही," ती म्हणाली. "तुमची बीटा ब्लॉकरची गोळी ठोके वाढूच देत नाही." म्हणजे स्पीड गव्हर्नर! मला लगेच समजलं. गव्हर्नर बसवलेल्या गाडीत नुसता स्पीडोमीटर बघून इंजिनावर किती ताण आहे ते कळत नाही. मैदानात मी मुलाने दिलेलं मनगटी घड्याळ बघत चाललो असतो आणि फसलो असतो. दमणं ओळखायला तिने शिकवलं. चालताना बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येत असेल तर जरा वेग वाढवा. शेवटची काही मिनिटं हळू हळू उतरवायची. तेही मला पटलं. चढ चढून आलेली गाडी लगेच बंद करत नाहीत, थोडी आयडलवर ठेवतात.

तिसऱ्या आठवड्यात ट्रेडमिलवर छातीत डावीकडे कळ आली. मी दांडी घट्ट धरली. तिने मॉनिटर पाहिला, बीपी घेतलं, आणि हाडाच्या कडेला बोट दाबलं. नेमकी तीच कळ! "हे टाक्याचं दुखणं आहे, हृदयाचं नाही." पाच मिनिटांनी मी पुन्हा पट्ट्यावर होतो. त्या रात्री मी नीट झोपलो. हे मैदानात कोण करणार होतं? उलटही झालं. आमच्या बॅचमधल्या एका गृहस्थांना काहीच वाटत नव्हतं, गप्पा मारत सायकल चालवत होते, पण मॉनिटरवर ठोके चुकीचे पडताना दिसले. त्यांना थांबवून डॉक्टरांकडे पाठवलं, गोळ्या बदलल्या.

लोकांना वाटतं, समोर कोणी उभं असतं ते आपल्याला आवरायला. माझ्या बाबतीत तिने मला पुढे ढकललं. एकट्याने मी आयुष्यभर अर्ध्या फेरीवर थांबलो असतो.

बारा आठवड्यांनी तेच कॉरिडॉर, तीच सहा मिनिटं, ४१० मीटर, न थांबता. गंमत म्हणजे एकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, माझं ईएफ (हृदय दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा) आधी ४५ होतं, नंतरही ४५च. मग फरक कुठे पडला? पायांत. स्नायू सरावले की रक्तातला प्राणवायू जास्त ओढून घेतात, मग तेवढ्याच कामाला हृदयाला कमी धावावं लागतं. स्टेशनचा पूल मी आता एका दमात चढतो.

आकडे मागणाऱ्यांसाठी: २०२१ साली ८५ अभ्यास, तेवीस हजारांहून जास्त रुग्ण, एकत्र तपासले गेले. व्यायामाचं रिहॅब घेणाऱ्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू, पुन्हा येणारा झटका आणि हॉस्पिटलात भरती, तिन्ही कमी. एकूण मृत्यूंत सुरुवातीच्या वर्षभरात मात्र फारसा फरक नाही. हेही सांगायलाच हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल ड्रायव्हर जाहिरात करतोय.

लंडनच्या बसचा किस्सा तर सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९५३ साली तिथले डॉक्टर जेरी मॉरिस यांनी दाखवलं की डबलडेकरचे जिने दिवसभर चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी, बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांना जास्त. माझा जुना कंडक्टर दोस्त हे ऐकून आठवडाभर मिशीला पीळ देत फिरला. पण मॉरिस यांनीच पुढे १९५६ साली युनिफॉर्मची मापं तपासली, तेव्हा ड्रायव्हरांच्या पँटी कंबरेत आधीपासूनच मोठ्या निघाल्या! म्हणजे सगळा दोष सीटचा नाही. दोस्ताला मी हेही सांगितलं, त्याला ते ऐकू आलं नाही.

सगळ्यांना हे जमत नाही, हे मात्र खरं. आमच्या अकरा जणांत एकच बाई, आणि त्याही चौथ्या आठवड्यापासून यायच्या बंद झाल्या, घरी स्वयंपाकाला कोणी नाही म्हणून. लहान गावात तर अशी सोयच सापडत नाही. तिथे नीट तपासणी करून आखून दिलेला, फोनवरून चौकशी होत राहणारा घरचा कार्यक्रमही चालतो. त्याचे निकाल साधारण तितकेच चांगले आलेत. आपल्या देशात २४ हॉस्पिटलांत जवळपास चार हजार रुग्णांवर योगावर आधारलेल्या रिहॅबचा प्रयोग झाला, योग-केअर नावाचा. झटका किंवा मृत्यू ठामपणे कमी झाल्याचं त्यात सिद्ध झालं नाही, पण माणसं आपल्या आधीच्या कामाधामाला जास्त लागली.

आणि तुमचं मैदान? आता मी तिथेच चालतो, रोज, फुकट.

तुमच्या मेहुण्यांची अँजिओप्लास्टी झालीय म्हणालात ना, त्यांच्या डिस्चार्जच्या कागदावर ती ओळ आहे का बघा. नसली तर डॉक्टरांना आपणहून विचारा. जाताना फाईल, एकोचा रिपोर्ट आणि गोळ्यांची यादी न्या. आणि त्यांना बूट घालायला सांगा. मी पहिल्या दिवशी चपला घालून गेलो होतो, त्या २९० मीटरमधले पंधरा-वीस तरी चपलांनीच खाल्ले असतील.