तुम्ही विचारलंत म्हणून: रोहिणींची यादी मी उघड का करत नाही

गेली कित्येक वर्षं प्रश्न तोच येतो. उरलेल्या रोहिणी ग्लायडरांची, म्हणजे त्या बिनइंजिनाच्या विमानांची, नोंद तुमच्या वहीत आहे, मग ती सगळ्यांसमोर का ठेवत नाही? काही जण अदबीनं विचारतात, काही जण तोंडावर म्हणतात की काका यादी दाबून बसलेत. हे दुसरं लागतं मला. म्हणून एकदा नीट सांगतो.

पहिली रोहिणी 10 मे 1961 रोजी उडाली. एस. रामामृतम यांचं हे डिझाइन. पुढे एकूण 107 बांधल्या गेल्या आणि देशभरच्या ग्लायडिंग क्लबांत, एनसीसीत गेल्या. त्यांतल्या किती उरल्या, तो आकडाही मी देत नाही, कारण ‘एक रोहिणी’ म्हणजे नक्की काय, तेच मला ठरवता येत नाही. ग्लायडर सुटं करून ठेवतात. धड एका शेडमध्ये, पंख दुसऱ्या, शेपटीचे भाग माळ्यावर. एकीचा पंख मोडला की पडून असलेल्या दुसरीचा लावायचा. व्हीटी-जीनं सुरू होणारी नोंदणीची अक्षरं रंगाच्या पापुद्र्याबरोबर गळून जातात. मग धडावर एक क्रमांक, पंखावर दुसरा, आणि लॉगबुक तिसरीचंच. एकच ग्लायडर मी तीन वर्षं दोन गावांत दोनदा मोजत होतो. असल्या आकड्यावर कुणी लेख लिहू नये, एवढीच माझी इच्छा.

‘एवढं काय आहे त्या लाकडी सांगाड्यात?’ हाही प्रश्न असतो. मी हडपसरला शिकलो ते रोहिणीवर. तिच्यात गुरू-शिष्य शेजारी-शेजारी बसायचे. पुढे-मागे बसायच्या ग्लायडरमध्ये गुरू म्हणजे पाठीमागून येणारा आवाज असतो. रोहिणीत सरांचा हात दिसायचा. दांडी किती कमी हलवायची, ते मी त्यांच्या मनगटाकडे बघून शिकलो. आणि पहिल्या सोलोच्या, म्हणजे एकट्यानं उडायच्या, दिवशी शेजारची रिकामी जागा, तिचे पट्टे कुठे अडकू नयेत म्हणून घट्ट बांधून ठेवलेले. विंचनं, म्हणजे जमिनीवरच्या दोर ओढणाऱ्या यंत्रानं, वर खेचलं, दोर सुटला, वाऱ्याचा आवाज तेवढा उरला, आणि मी त्या पट्ट्यांकडे बघून म्हणालो, ‘ठीक आहे ना सर?’ हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

आता मूळ मुद्दा.

एका जुन्या शिक्षणसंस्थेच्या आवारात एक रोहिणी असल्याचं मला एका माजी शिपायाकडून कळलं. संस्थेचं नाव सांगणार नाही. मी जाऊन आलो. बंद व्यायामशाळेत बाकांच्या ढिगामागे ती होती, धड आणि दोन्ही पंख. क्रमांकाची पट्टी जागेवर, आणि तिन्ही भागांचा क्रमांक एकच. तसं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. कापड फाटलं होतं, कबुतरांनी कॉकपिट भरून टाकलं होतं, पण पंखाच्या मुख्य तुळईवर बोटानं टकटक केली तर आवाज कणखर आला. वाळवी लागली असती तर तो बद्द आला असता. मी पंधरा मिनिटं नुसता उभा होतो.

घरी येऊन मी पत्र लिहिलं. रीतसर, दोन पानी. आपल्याकडे राष्ट्राचा ठेवा आहे, कृपया जतन करावा, मी विनामूल्य मदत करीन, वगैरे. मे महिना होता. वाटलं, उत्तर येईल, पावसाळा जाईल, दसऱ्यानंतर माणसं घेऊन जाऊ.

दसऱ्यानंतर गेलो तेव्हा व्यायामशाळा रंगवलेली होती.

कारकून भला माणूस होता. त्यानं फाइल दाखवली. सगळ्यात खाली माझं पत्र. पत्र आलं म्हणून साठा नोंदवही काढली गेली. नोंदवहीत ‘ग्लायडर, नग एक’ सापडलं. ते वापरात नाही, लेखापरीक्षणात विचारणा होईल, म्हणून समिती बसली आणि निर्लेखनाचा, म्हणजे नोंदीतून काढून टाकण्याचा, ठराव झाला. भंगारवाल्यानं धातूची जोडणी नेली. लाकूड आवारातच फोडलं, पाऊस सुरू व्हायच्या आत खोली रिकामी हवी होती म्हणून. तीस-पस्तीस वर्षं तिला कुणी हात लावला नव्हता, कारण ती आहे हे कुणाच्या लक्षातच नव्हतं. ते माझ्या पत्रानं आणून दिलं.

‘तुमचंच काम झालं ना साहेब?’ असं त्यानं मनापासून विचारलं. मी हो म्हणालो.

त्या वर्षापासून वही बंद आहे.

मला माहीत आहे, तुम्ही काय म्हणाल. कारण तेच मी आधी म्हणत असे. चाळिशीतला मी सभांत उभा राहून सांगायचो की जे लोकांना ठाऊक असतं तेच टिकतं, लपवलेलं कुजतं. तो माणूस खोटं बोलत नव्हता. वहीतली एक रोहिणी वाचली ती बोभाटा झाल्यामुळेच. जुने कॅडेट धावले, वर्गणी काढली, आज ती छपराखाली आहे. आणि दुसरी एक, जिच्याबद्दल मी अवाक्षर काढलं नाही, ती छप्पर गळून माझ्या शांततेतच सडली. प्लायवूडचे थर पुस्तकाच्या पानांसारखे सुटले होते. तिथं मी बोललो असतो तर? याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण पत्र लिहायला बसलो की हात थांबतो, आणि त्याला भित्रेपणा म्हणायचं तर म्हणा.

अश्विनी, भरणी, रोहिणी, मृगशीर... आपल्या ग्लायडरांना नक्षत्रांची नावं दिली, आणि आपण पावसाची गणितं त्याच नावांवर मांडतो. लाकडाला ओल सोसत नाही, म्हणून मलाही वर्ष त्याच गणितानं मोजायची सवय लागली आहे.

गेल्या आठवड्यात विमान अभियांत्रिकी शिकणारी एक मुलगी आली. यादी मागितली, मी नाही म्हणालो. तिनं वाद घातला नाही. ‘मग एकच सांगा, मी पत्र लिहिणार नाही, स्वतः जाईन,’ म्हणाली. मी एक पत्ता दिला. टॉर्च घेऊन जा, तुळईवर टकटक करून बघ, पट्टीचा क्रमांक लिहून घे आणि कुणाकडेही काही मागू नकोस, एवढं सांगितलं. मृग लागायच्या आत ती जाऊन येणार आहे.