बागलुंगच्या डोंगरातली इंटर्नशिप

गोरखपूरला रेल्वेतून उतरलो, सुनौली गाठली आणि सामान ओढत चालतच नेपाळमध्ये शिरलो. भारतीयांना व्हिसा लागत नाही, म्हणून आमच्यासारख्या साध्या कॉलेजलाही मुलांना परदेशी इंटर्नशिपला नेणं परवडतं. पण मी नेपाळ निवडला तो खर्चासाठी नव्हे. डोंगरातल्या ओढ्यावर वीज तयार करायची आणि गावानेच ती सांभाळायची, हे काम तिथे वर्षानुवर्षं चाललं आहे. ते मुलांनी जवळून बघावं, ही माझी फार दिवसांची इच्छा.

पहिला मुक्काम बुटवल. ऑड हॉफ्टन या नॉर्वेजियन इंजिनिअरने १९६३ मध्ये इथे बुटवल टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू केलं. नेपाळी तरुणांना हातात हत्यार देऊन, कामातूनच कारागीर करायचं, अशी ती पद्धत. पुढे तिनाउ नदीवर १ मेगावॅटचा प्रकल्प उभा राहिला, बुटवलच्या कारखान्यांत छोटी टर्बाइनंही बनू लागली. बाहेरून आलेल्या माणसाने यंत्राच्या आधी यंत्र सांभाळणारे हात तयार केले, याबद्दल मला हॉफ्टन यांचा विलक्षण आदर वाटतो. मुलांना आधी बुटवल दाखवलं ते त्यासाठीच.

पुढे पोखरा, तिथून काली गंडकीच्या काठाने बागलुंग. रस्ता वळणांचा, निम्मी बस झोपलेली. याच जिल्ह्यात २०११ मध्ये सहा छोटी वीजकेंद्रं एकमेकांना जोडून १०७ किलोवॅटची ‘ऊर्जा उपत्यका’ ही स्थानिक ग्रिड उभी राहिली होती. आमचं गाव मात्र बाजारापासून बरंच वर होतं आणि तिथलं केंद्र अगदी लहान.

वीजघर म्हणजे पत्र्याची एक खोली. वर ओढ्याला बांध, तिथून कालवा, मग गाळ बसायची टाकी, मग फोरबे, म्हणजे पाइपच्या तोंडाशी पाणी साठवणारी टाकी, आणि तिथून टर्बाइनकडे खाली झेपावणारा पेनस्टॉक, म्हणजे पाण्याचा पाइप. वर्गात फळ्यावर पन्नास वेळा काढलेली आकृती. सेकंदाला २० लिटर पाणी ५० मीटरवरून पडलं तर निम्मी कार्यक्षमता धरून साधारण ५ किलोवॅट मिळतात, हे गणित मुलांना तोंडपाठ. पण पाला अडून पाणी कमी झालं की संध्याकाळी घराघरातले दिवे मंदावतात, हे कुठल्याच गणितात नव्हतं. केंद्राचे ऑपरेटर, ज्यांना सगळे दाइ (नेपाळीत थोरला भाऊ) म्हणत, पहाटे उठून फोरबेच्या जाळीवरचा पाला हाताने काढायचे. पाणी इतकं गार की आमच्या मुलांना दोन मिनिटं हात बुडवून ठेवता येईना.

खोलीच्या कोपऱ्यात पाण्याचं एक पिंप होतं, त्यात हीटरच्या कॉइल सोडलेल्या. गावातले दिवे बंद झाले की टर्बाइनवरचा भार उतरतो आणि ते वेग घेऊ लागतं. त्या वेळी लोड कंट्रोलर उरलेली वीज या पिंपात वळवतो, म्हणजे वेग स्थिर राहतो. दाइ पाला काढून आले की त्याच कोमट पाण्यात हात शेकत.

मुलांनी दोन रात्री जागून जाळीसाठी सेन्सर आणि मोटरची योजना आखली. ड्रॉइंग खरोखर चांगलं होतं. दाइंनी ते नीट पाहिलं आणि विचारलं, ‘‘बिग्रियो भने कसले बनाउँछ, भाइ?’’ बिघडलं तर दुरुस्त कोण करणार? सुटा भाग पोखऱ्याहून आणायचा, त्याचे पैसे केंद्र सांभाळणाऱ्या गावच्या समितीने कुठून द्यायचे, तोवर गावाने अंधारात बसायचं का? एकाही मुलाकडे उत्तर नव्हतं. त्या दुपारी वीजघराबाहेर बसून जी चर्चा झाली, तशी माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत वर्गात कधी झाली नाही.

मग कामाची दिशाच बदलली. एका मुलीने लॉगबुक उघडलं. लिपी देवनागरी, आकडेही देवनागरी, त्यामुळे तिला रोजचं व्होल्टेज, बंद पडल्याच्या वेळा, कारणं सरळ वाचता आली. पावसाळ्यातल्या नोंदींत पाला आणि गाळ पुन्हा पुन्हा येत होता. त्यावरून मुलांनी जाळी तिरकी बसवायचं ठरवलं, म्हणजे उभ्या उभ्या दाताळ्याने पाला ओढता येईल. गज गावातलेच, वेल्डिंग खालच्या बाजारात. जाळीचा उतार किती हवा हे दाइंनी स्वतः दाताळं चालवून सांगितलं आणि मुलांनी ते निमूट मान्य केलं.

समितीच्या बैठकीत मोठा प्रश्न वेगळाच निघाला. राष्ट्रीय ग्रिडची लाइन गावात आली तर या केंद्राचं काय? नुवाकोटमधलं २३ किलोवॅटचं स्याउरेभूमी केंद्र २०१८ मध्ये राष्ट्रीय ग्रिडला जोडलं गेलं. तिथे गावाची वीज ग्रिडला विकता येते. तसं इथे जमेल का, खर्च कोण करेल, यावर बैठकीतल्या दिदींनी (नेपाळीत थोरल्या बहिणी) मुलांना इतके प्रश्न विचारले की कुठल्याही व्हायव्हात विचारले जात नाहीत.

एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेच्या २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमामुळे इंटर्नशिपला क्रेडिट मिळू लागलं, हे चांगलंच झालं. पण ते क्रेडिट आम्ही अजूनही स्पायरल बाइंडिंगच्या अहवालावर देतो. परत आल्यावर मी विभागात लेखी मागणी केली आहे: पुढच्या बॅचच्या मूल्यमापनात निम्मे गुण गावच्या समितीच्या हाती असावेत, आणि ते मुलं परतल्यानंतर सहा महिन्यांनी, जाळी अजून काम करते की नाही हे पाहून द्यावेत. निकाल उशिरा लागेल, अशी हरकत आली आहे. लागू दे.