तुरुंगात हिटलर कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. न्यू जर्सीतल्या एका तुरुंगात मी शनिवारी होलोकॉस्टचा इतिहास शिकवते आणि त्याला जोडून लेखनाचा वर्ग घेते. हे कळलं की मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणी ना कुणी गाठतंच. साठ लाख ज्यूंच्या कत्तलीची हकिगत खुनाच्या नि दरोड्याच्या गुन्ह्यांत आत गेलेल्यांना ऐकवून काय साधतं? पुण्याची मावशी याहून रोखठोक. "अगं, त्यांनी आधीच काय कमी दिवे लावलेत, त्यात आणि हिटलर शिकवतेस?"

एक योगायोग आधी सांगते. १९९४ साली न्यू जर्सीने शाळांमधून होलोकॉस्ट आणि वंशसंहाराचं शिक्षण कायद्याने सक्तीचं केलं. त्याच वर्षी वॉशिंग्टनमध्ये गुन्हेगारीविरोधी कायदा झाला आणि कैद्यांना कॉलेजसाठी मिळणारं पेल अनुदान बंद पडलं. ते सगळ्यांना पुन्हा खुलं व्हायला २०२३ उजाडलं. माझ्या वर्गातल्या बऱ्याच जणांनी शाळा अर्धवट सोडलेली, त्यामुळे सक्तीचा इतिहास त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही. म्हणून तो इथे.

प्रेतांच्या ढिगांचे फोटो मी दाखवत नाही. ते पाहून माणूस गप्प होतो, आणि मला गप्प वर्ग नको असतो. मी कागद नेते. झेरॉक्स आधी तपासायला द्यावी लागते, पिना काढून, सुटी.

त्यातला एक गठ्ठा जर्मनीतल्या हँबुर्गच्या राखीव पोलीस बटालियन १०१चा. जेमतेम पाचशे माणसं, बहुतेक चाळिशीच्या आसपासची, बायकामुलांची. १३ जुलै १९४२च्या पहाटे त्यांना पोलंडमधल्या युझेफुफ गावी आणलं. त्यांचा कमांडर मेजर ट्राप याने गावातल्या ज्यूंना मारण्याचा हुकूम सांगितला आणि वर म्हणाला, वयाने मोठ्या असलेल्यांपैकी ज्याला हे झेपणार नाही त्याने बाजूला व्हावं. दहा-बारा जण बाजूला झाले. धडधाकट पुरुषांना मजुरीसाठी वेगळं काढलं आणि रात्रीपर्यंत किमान दीड हजार लोकांना, मुख्यतः बायका, मुलं आणि म्हाताऱ्यांना, रानात नेऊन मारलं. एवढा तपशील मिळतो तो १९६०च्या दशकात हँबुर्गच्या सरकारी वकिलांनी सुरू केलेल्या चौकशीमुळे. त्यांनी २१० जणांचे जबाब घेतले. पुढे इतिहासकार क्रिस्टोफर ब्राउनिंग यांनी ते बारकाईने तपासले.

कॉलेजातली मुलं यात इतिहास शोधतात. माझा वर्ग ते जबाब म्हणूनच वाचतो, कारण इथे बसलेल्या प्रत्येकाने एकदा तरी पोलिसांपुढे जबाब दिलेला आहे. कुठे माणूस स्वतःहून बोलतोय, कुठे वकिलाने पढवलंय, कुठे मेलेल्या सोबत्यावर ढकलतोय, हे त्यांना दोन ओळींत कळतं. एकदा एक जण बोट ठेवून म्हणाला, "हा नुसता गावाला वेढा घालायला उभा होता. तोही वेढ्यातच. सगळेच जर वेढ्यात, तर गोळ्या कोण घालत होतं?" मागून दुसरा म्हणाला, "बंदुका आपल्या आपणच उडत होत्या." हशा पिकला, आणि मग मात्र कुणी वर बघेना.

पुढचं पान शिक्षांचं. १९६८च्या निकालात सगळ्यांत मोठी शिक्षा होती आठ वर्षांची, आणि अपिलात त्यातल्याही काही कमी झाल्या. "आठ?" हा प्रश्न इथे जसा विचारला जातो तसा मी दुसरीकडे ऐकलेला नाही. तीस वर्षांची शिक्षा भोगणारा माणूस तो विचारत असतो. मग खडाजंगी होते. ट्रापने सूट दिली होती, म्हणजे हुकमाची सबब उरत नाही, असं एक बाजू म्हणते. दुसरी म्हणते, पाचशे जणांसमोर रांगेतून बाहेर पडणं म्हणजे काय, ते टोळीत वाढलेल्यालाच विचारा. मी मध्ये पडत नाही. शिरगणतीची वेळ झाली की ऑफिसर दारात येतो आणि वाद तिथेच तुटतो.

"आम्ही पण छळछावणीतच आहोत" असं कुणीतरी म्हणतंच. मी त्याला गप्प करत नाही, फळ्यावर दोन रकाने काढते, एक तुरुंगाचा, एक छळछावणीचा. आरोप, खटला, वकील, शिक्षेची मुदत, सुटकेची तारीख. एका रकान्यात काही ना काही लिहिता येतं, दुसरा रिकामा. एवढं पुरतं.

आता लेखनाचं. तुरुंगातलं लेखन म्हटलं की आपल्याकडचे लोक धुळ्याचं उदाहरण देतात: १९३२ साली तिथल्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे आणि साने गुरुजी उतरवून घ्यायचे. सुंदर आहे, पण ते सत्याग्रही होते. माझ्या वर्गाला ते माप लावू नका. मला जवळची वाटतात ती वॉर्सा गेट्टोतली, म्हणजे नाझींनी ज्यूंना भिंत घालून कोंडलेल्या वस्तीतली माणसं. इतिहासकार इमानुएल रिंगेलब्लूम आणि त्यांचे काही डझन साथीदार शनिवारी गुपचूप जमत आणि भिंतीआडच्या आयुष्याचे कागद गोळा करत: डायऱ्या आणि निबंध तर होतेच, शिवाय गोळ्या-चॉकलेटांचे कागद, ट्रामची तिकिटं, रेशनकार्डं. एकेका घरात इतकी बिऱ्हाडं कोंबलेली, की कुणासाठी घंटा किती वेळा वाजवायची याचे तक्तेही त्यांनी जपले. हे सगळं पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या कॅनमध्ये भरून पुरलं. त्या मंडळींपैकी युद्धानंतर तिघंच उरली. एक साठा १९४६ साली सापडला, दुसरा १९५० साली. तिसरा अजून नाही.

तो घंटांचा तक्ता दाखवला की मी सांगते, तुमच्या बराकीतलं असं काहीतरी लिहा जे इथे न राहिलेल्याला कळणारच नाही. पहिल्यांदा सगळे कविता लिहितात, त्यात पिंजरा आणि पक्षी. त्या बाजूला ठेवायला लावते. मग खरा माल येतो. एकाने कँटीनमधल्या मॅगीसारख्या शेवयांच्या पाकिटाचा भाव लिहिला: एका हजामतीला किती पाकिटं, आईला फोन करायला रांगेतला दुसऱ्याचा नंबर हवा असेल तर किती, आणि लॉकडाउन लागून सगळे कोठडीत बंद झाले की तोच भाव कसा चढतो. दीड पानात त्याच्या बराकीचं अख्खं अर्थशास्त्र.

स्वतःच्या गुन्ह्यावर लिहा, असं मी कधीच सांगत नाही. तरी काही जण तिथे येतात. पहिल्या खर्ड्यात बहुतेक "गोळी सुटली" असतं. मी खूण करायच्या आत शेजारचाच विचारतो, "सुटली? वेढ्यात होतास का?"

मग ते सुधारतात का, हा तुमचा पुढचा प्रश्न. ते मोजायला मी जात नाही आणि मुदतीआधी सुटका ठरवणाऱ्या पॅरोल बोर्डासाठी शिफारसपत्रंही देत नाही. आणि त्यांनी ज्यांना मारलं त्यांचं काय, असं एका काकूंनी विचारलं होतं. माफी मेलेल्यांच्या घरच्यांच्या हातात आहे, माझ्या नाही. मी वर्गात घेते ती एवढीच काळजी, की मेलेल्या माणसाला लिखाणात नाव असावं, "व्हिक्टिम" नको.

काही जणांनी सोबत यायचं का विचारलंय. जरूर या. पार्श्वभूमीची तपासणी आणि स्वयंसेवकांचं प्रशिक्षण यात वेळ जातो, म्हणून लवकर कळवा. मंगळसूत्र, स्मार्टवॉच घरी ठेवा. घरचा पत्ता, मुलांची शाळा यातलं आत काही बोलायचं नाही. आणि येण्याआधी ते जबाब एकदा वाचा, नाहीतर वर्ग तुमची परीक्षा घेईल.