डेटोना १९७९, भाग ३: उतार जमला, बॉबीची गाडी गेली

डेटोना ५०० या अमेरिकी मोटार शर्यतीच्या १९७९ मधल्या शेवटच्या लॅपचं छोटं मॉडेल मी बनवतोय. मागच्या वेळी दाखवलेला तिसऱ्या वळणाचा सांगाडा आता विसरा. थर्माकोलवर थेट स्प्रे पेंट मारू नये, हे मी आजवर चार जणांना तरी बजावलं असेल, आणि रविवारी स्वतःच मारून बसलो. पाच मिनिटांत आंबोळीला पडते तशी जाळी पडली.

आता सगळं सनबोर्डमध्ये (फोमचा कडक पुठ्ठा). वळणाचा उतार ३१ अंश, ट्रॅकची रुंदी ४० फूट. १:६४ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या चौसष्टाव्या भागात, रुंदी येते १९ सेंटिमीटर, आणि बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा ९.८ सेंटिमीटर उंच. कागदावर ठीक वाटतं, पण टेबलावर ते इतकं उभं दिसलं की कोनमापक लावून दोनदा तपासलं. बरोबर आहे. उलट वळण म्हणाल तर दिसतच नाही. त्रिज्याच १००० फूट, त्यामुळे ६० सेंटिमीटरच्या तुकड्यात बाक जेमतेम १ सेंटिमीटर. वळण आहे हे उतारावरूनच ओळखायचं.

रंगवलेल्या सनबोर्डवर गाड्या ठरेनात, आडव्या घसरत खाली यायच्या. शेवटी सुतारांचा पॉलिश पेपर चिकटवून त्यावर पातळ करडा रंग दिला. डांबराचा खरखरीतपणा आयता मिळाला आणि गाड्याही जागच्या हलत नाहीत.

आता बॉबीचं. १८ फेब्रुवारीचा शेवटचा लॅप तुम्हाला पाठच असेल: डॉनी ॲलिसन पुढे, केल यारबरो मागे. बॅकस्ट्रेचवर (मागच्या सरळ पट्ट्यावर) केल आतून घुसला, डॉनीने वाट अडवली, केलची डावी चाकं सकाळच्या पावसाने भिजलेल्या गवतात गेली. दोघे एकमेकांना धडका देत तिसऱ्या वळणाच्या भिंतीवर आपटले आणि घसरत खाली मैदानात आले. (चूक कोणाची? माझ्या मते दोघांची, पण तो वाद नको.) अर्धा लॅप मागे असलेला रिचर्ड पेटी वॉल्ट्रिप आणि फॉइट या चालकांना मागे ठेवून जिंकला.

माझ्या आराखड्यात वर पेटी धावतोय आणि खाली केलची ॲलिसन भावांशी गुद्दागुद्दी चाललीय, असं होतं. रेकॉर्डिंग पुन्हा बघितलं आणि डोक्यावर हात मारला. डॉनीचा भाऊ बॉबी तिथे येऊन थांबतो तो शर्यत संपल्यावर! म्हणजे एका दृश्यात पेटी तरी घ्या, नाहीतर मारामारी. मी पेटी घेतला. दोन मोडक्या गाड्या चिखलात आणि वरून ज्याच्या ध्यानीमनी नव्हतं तो जिंकायला निघालाय, हे मला त्या ठोशांपेक्षा जास्त आवडतं. तीन रात्री खपून रंगवलेली बॉबीची १५ नंबरची फोर्ड मात्र डब्यात गेली.

टायरच्या खुणांसाठी ६बी पेन्सिलचं शिसं पॉलिश पेपरवर घासून पूड केली आणि बोटाने ओढली. पहिल्यांदा दोन समांतर रेघा आल्या, अगदी रेल्वेचे रूळ. पुसून भिंतीपासून गवतापर्यंत एकमेकींना छेदणाऱ्या, मध्येच तुटणाऱ्या खुणा काढल्या. चिखल म्हणजे वापरलेली कॉफी पावडर आणि फेव्हिकॉल. वाळेपर्यंत घरभर वास होता.

पेटी, डॉनी, केल तिघेही ओल्डस्मोबिलमध्ये होते, म्हणून साचा एकच पुरला. पेटीचा निळा आणि त्याच्या प्रायोजकाचा, एसटीपीचा लाल दोन्ही बसले. आकडे लावताना डाव्या दारावरच्या ४३ मधला ३ पाण्यात सुटून फाटला. नवा छापेपर्यंत पेटी ४ नंबरच्या गाडीत बसलाय.