टायर एकतीसचे, मग क्राऊन-पिनियन कोणतं?

"चार इंच लिफ्टला कोणता रेशो टाकू?" हा प्रश्न मला नेहमी येतो. लिफ्ट म्हणजे गाडीचं बॉडी उंच उचलणं, आणि रेशो म्हणजे एक्सलच्या आतलं क्राऊन (दातांचं मोठं चाक) आणि त्याला फिरवणारं लहान पिनियन यांच्या दातांचं प्रमाण. दर वेळी मी उलट विचारतो, टायर किती मोठे टाकलेत ते सांग. कमानपाटे बदलले, शॅकल लांब केले, तरी इंजिनाला त्याचा पत्ताही लागत नाही. प्रोपेलर शाफ्टचा (एक्सलपर्यंत ताकद नेणाऱ्या दांड्याचा) कोन वाढतो, क्रॉस (त्याचे सांधे) लवकर जातात, वळणावर गाडी जास्त कलते, हे खरं. पण ते वेगळे विषय. इंजिनाला झोंबतो तो टायरचा घेर.

माझी जीप जुनी महिंद्रा, डिझेल, चार गिअरची, टॉप थेट म्हणजे एकास एक. माझ्याकडे आली तीच उचललेली आणि ३१ इंची टायर घातलेली. फैजपूरच्या सपाटीवर काही कळत नव्हतं. पालच्या दिशेने सातपुडा चढायला लागलं की तिसऱ्यात दम तोडायची आणि दुसऱ्यात टाकली की इंजिन नुसतं ओरडायचं. टायर काढून मूळ मापाचे घालणं सोपं होतं, पण ते मला नको होतं. पावसाळ्यात केळीच्या बागेकडे जाणारी आमची वाट काळ्या मातीची, ट्रॅक्टरने पाडलेल्या खोल चाकोऱ्यांची. तिथे गाडीचं बॉडी कितीही वर असो, डिफ्रन्शियलचं भांडं मधल्या मातीला घासतंच. लिफ्टने एक्सल वर जात नाही, त्याला फक्त टायर उचलतं. २१५/७५ आर १५ वरून ३१ वर गेलं की तिथे दीड इंचापेक्षा जास्त जागा मिळते आणि त्या चिखलात तेवढ्यावरच गाडी निघते की अडकते ते ठरतं.

आमचे मिस्तरी नाना. त्यांनी गाडी एकदाच चालवून पाहिली आणि उतरताना म्हणाले, "भाऊ, टायर मोठं टाकं, दात त्याच शेतस. मंग गाडी वढी कशी?" म्हणजे टायर मोठं टाकलं, दात तेच आहेत, मग गाडी ओढेल कशी?

विहिरीवर डिझेल इंजिनाला पंप जोडणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावायला नको. एका बाजूची पुली बदलली की दुसरीकडचा हिशेब बदलतो. टायर ही शेवटची पुली.

हिशेबासाठी टायरवर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका. गाडीच्या वजनाखाली टायर दबतं आणि जमिनीवर मोजलेलं अंतर कागदापेक्षा कमी भरतं. मी काय केलं ते सांगतो. फरशीवर गाडी उभी केली, हवा नेहमीइतकी भरली, मागच्या टायरच्या अगदी खालच्या टोकाला खडूने रेघ मारली आणि तीच रेघ फरशीवर ओढली. मग गाडी न्यूट्रलमध्ये हळूहळू पुढे ढकलली, रेघ पुन्हा खाली आली तिथे दुसरी खूण केली आणि दोन्ही खुणांमधलं अंतर टेपने मोजलं. ३१ च्या टायरला २.४० मीटर आलं. शेजारच्या भाऊंच्या गाडीवर मूळ मापाचं टायर होतं, तिला २.१५. म्हणजे प्रत्येक फेरीला गाडी साडेअकरा टक्के जास्त पुढे जाते आणि चाकाशी मिळणारी ओढ दहा टक्क्यांच्या आसपास घटते.

आता आतले दात. जुन्या जीपच्या बाबतीत कागदावर काय आहे ते धरून चालू नका. आपल्याकडे एका गाडीचा एक्सल, दुसरीचं इंजिन, तिसरीची गिअरपेटी हे सर्रास असतं. झाकण न उघडताही अंदाज येतो. बाकी चाकांना नीट दगड लावा, गाडी न्यूट्रलमध्ये आणि टू व्हीलमध्ये (फक्त मागची चाकं जोडलेली) ठेवा, मागचं एकच चाक जॅकवर उचला. ते हाताने वीस फेऱ्या फिरवा आणि प्रोपेलर शाफ्ट किती वेळा फिरला ते खुणेवरून मोजा. एक चाक जमिनीवर असल्याने वीस फेऱ्यांचा हिशेब दहाचा होतो. माझ्या गाडीत जवळजवळ ४९ आल्या. म्हणजे ४.८८. नानांनी झाकण उघडलं तेव्हा क्राऊनला ३९ दात आणि पिनियनला ८. भागून बघा.

पुढचं गणित एका ओळीचं. ४.८८ गुणिले २.४०, भागिले २.१५, उत्तर ५.४५ च्या आसपास. नेमका असा सेट कुणी बनवत नाही. जवळचा म्हणजे ४३ दात आणि ८ चा, ५.३८. आकडा मोठा म्हणजे गाडी जास्त ओढणार आणि त्याच वेगाला इंजिन जास्त फिरणार, एवढं लक्षात ठेवलं की गोंधळ होत नाही.

हे दोन्ही आकडे जीपच्या घराण्यातलेच आहेत. महायुद्धातल्या विलीज एमबीला ४.८८ होता. १९४५ साली शेतीसाठी म्हणून सीजे-२ए आली तेव्हा टायर त्याच ६.०० x १६ मापाचे ठेवून रेशो ५.३८ केला. नांगर ओढायचा, शेतात हळू चालायचं, म्हणून. मला हे फार पटलं. त्या लोकांनी आधी गाडीचं काम बघितलं आणि मग दात ठरवले.

काही जण म्हणाले, एवढा खर्च कशाला, चढाला लो टाक. लो म्हणजे ट्रान्सफर केसमधला (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीतला) हळू आणि जास्त ओढीचा गिअर. आमच्या गाडीत लो फक्त फोर बाय फोरमध्येच लागतो. डांबरी घाटात वळण घेताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, मध्ये फरक सोसणारं काही नसतं, आणि सगळा ताण शाफ्ट आणि क्रॉसवर येतो. तळोद्याहून धडगावला चांदसैली घाटाने जा आणि वळणं बघा. तिथे लो लावून चढणं म्हणजे गाडीची हाडं मोडणं. लो चिखलासाठी, दगडांसाठी, नदीपात्रातल्या वाळूसाठी.

दुसरी बाजू हायवेची. टॉपमध्ये ताशी ८० ला मूळ टायर आणि ४.८८ वर इंजिन साधारण ३,०२५ आरपीएमवर असायचं. ३१ घातल्यावर तेच २,७०० वर आलं. ऐकायला बरं वाटतं, पण त्या आरपीएमला जरा वारा समोरून आला तरी तिसऱ्यात यावं लागायचं. ५.३८ टाकल्यावर ते २,९९० झालं, म्हणजे कारखान्याने जिथे ठेवलं होतं तिथेच. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर मी ६० च्या वर फारसा जातच नाही, तिथे २,२४० पुरतं. जुन्या डिझेलला तासन्‌तास ३,००० च्या वर पळवणं मला मान्य नाही. ज्याला रोज धुळ्याहून नाशिक गाठायचंय त्याने चढासाठी म्हणून हिशेबापेक्षा आखूड, म्हणजे मोठ्या आकड्याचा, गिअर घेऊ नये. ज्याची गाडी तोरणमाळ, धडगाव, पाल एवढ्यातच फिरते त्याने जवळच्या दोन सेटपैकी मोठ्या आकड्याचा बिनधास्त घ्यावा.

शिरपूरचा एक मित्र ३३ चे टायर घ्यायला निघालाय. त्याला मी हिशेब करून दिला: एका फेरीचं अंतर २.५५ धरलं तर ५.७९ हवा. असा सेट आपल्या बाजारात शोधत बसावं लागेल आणि ५.३८ वर समाधान मानलं तर गाडी मूळपेक्षा मंदच राहणार. म्हणून माझं ठाम मत आहे: आधी आपल्या एक्सलला कोणते क्राऊन-पिनियन मिळतात ते बघा, मग टायरचं माप ठरवा. सगळे उलट करतात, कारण टायर बाहेरून दिसतं.

आणि पुढचा-मागचा दोन्ही एक्सल एकदमच बदलायचे. एकात ४.८८ आणि दुसऱ्यात ५.३८ ठेवून फोर बाय फोर लावलं तर काहीतरी तुटणारच. डाना ४४ या एक्सलमध्ये रेशो फार बदलला तर आतली केसही (क्राऊन जिच्यावर बसतं ती) बदलावी लागते, ३.७३ पर्यंतची एक आणि ३.९२ पासून वरची दुसरी. माझे दोन्ही आकडे एकाच बाजूचे, म्हणून मागे केस तीच चालली.

बसवण्याचं काम मात्र घाईचं नाही. नानांनी बेअरिंग सगळे नवे घातले, पिनियनच्या मागे शिम (पातळ चकत्या) घालून जुळवणी केली, मग क्राऊनच्या चार-पाच दातांना ब्रशने निळी पेस्ट लावली आणि हाताने पुढे-मागे फिरवलं. पहिल्यांदा डाग दाताच्या बुडाशी आला. म्हणजे पिनियन जास्त आत. पुन्हा सगळं उघडलं, पातळ शिम. मग डाग वर सरकला. पुन्हा उघडलं. तिसऱ्या जुळणीला डाग दाताच्या बरोबर मध्ये, बदामाच्या आकाराचा बसला तेव्हा कुठे त्यांनी डायल गेज लावून बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, बघितला. तो साधारण ०.१५ ते ०.२५ मिलिमीटरमध्ये हवा. जो मिस्तरी निळी पेस्ट आणि डायल गेज न वापरता "कानाने बसवतो" म्हणतो, त्याच्याकडे हे काम देऊ नका. क्राऊन घोंघावायला लागलं की ते पुन्हा गप्प होत नाही.

नवा सेट पहिल्या फेरीत वीसेक किलोमीटर हलका चालवून पूर्ण थंड होऊ दिला. आठशे किलोमीटरपर्यंत ओझं नाही, ट्रॉली ओढणं नाही. मग नव्वद नंबरचं ऑईल काढून नवं भरलं.

एक फायदा फुकटात मिळाला. आमचा स्पीडोमीटर ट्रान्सफर केसवरून चालतो, त्यामुळे नुसत्या मोठ्या टायरवर तो दहा टक्के कमी दाखवत होता. आता मोबाईलच्या जीपीएसशी जवळजवळ जुळतो.

तोरणमाळच्या सातपायरी घाटात आता तिसरा टिकतो आणि उतरताना दुसऱ्यात इंजिनच गाडी धरून ठेवतं. ब्रेकचं दुखणं मात्र तसंच आहे. मोठं, जड टायर थांबवायला त्याच जुन्या ड्रमला जास्त जोर लावावा लागतो आणि मागे दात कितीही बदला, पेडल दाबल्यावर त्याचा काही उपयोग नाही. पुढच्या चाकांना डिस्क बसवायचं ठरवलंय. केळीची कापणी उरकली की गाडी पुन्हा नानांकडे जाईल.