मंगळावरची पहिली बारा माणसं

आज ऐरोलीत सकाळपासून नळाला पाणी नाही, आणि भाचा लॅपटॉपवर सर्व्हायव्हिंग मार्स हा मंगळावर वस्ती उभारायचा गेम लावून बसलेला, मी सहज बाजूला टेकले ती दुपारपर्यंत उठलेच नाही. आधी ड्रोन जाऊन पाणी-हवेची सोय करतात, मग पहिली बारा माणसं डोममध्ये, म्हणजे राहायच्या बंद घुमटात, उतरतात, ती मंगळावरचे दहा दिवस तगली की मगच पृथ्वीवरून पुढची येणार. ऑक्सिजन बनवणाऱ्या यंत्राचं नाव मॉक्सी, आणि ते खरंच आहे बरं का, नासाच्या पर्सिव्हरन्स रोव्हरवरच्या मॉक्सीने 2021 ते 2023 मध्ये मंगळाच्या हवेतून 122 ग्रॅम ऑक्सिजन काढलाय! डोममध्ये पहिलं बाळ जन्मलं तेव्हा भाचा ओरडलाच, "मावशी, हे इथलंच गं, ह्याने पृथ्वी बघितलीच नाही!" मला एकदम भरून आलं. संध्याकाळी बादलीतलं उरलेलं पाणी तुळशीला घातलं, अर्धा तांब्याच, जपून.