गिरगावचा डीटीपी पीसी: फॉरमॅट, नवी विंडोज आणि उरलेली कामं

मशीन: इंटेल आय३-८१०० प्रोसेसर, एच३१० बोर्ड, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्डडिस्क. क्रॅक केलेली विंडोज १०, सोबत लायसन्सला फसवणारा अ‍ॅक्टिव्हेटर. काम लग्नपत्रिका आणि मंडळांच्या पावतीपुस्तकांचं, त्यामुळे दिवसभर गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह आत-बाहेर.

लक्षण ओळखीचं, पेनड्राइव्हवरून पसरणाऱ्या शॉर्टकट व्हायरसचं. लावलेल्या प्रत्येक पेनड्राइव्हवरचं सगळं गायब, आणि जागी एकच शॉर्टकट, त्याला नाव पेनड्राइव्हचंच. प्रॉपर्टीजमध्ये टार्गेट पाहिलं तर तिथे फोल्डरचा पत्ता नाही, डब्ल्यूस्क्रिप्टने (विंडोजचं स्क्रिप्ट चालवणारं साधन) एक व्हीबीएस स्क्रिप्ट फाइल चालवायची असा हुकूम. विंडोजचा अँटिव्हायरस डिफेंडर मात्र सगळं आलबेल सांगत होता, कारण त्याच्या एक्सक्लूजनच्या (तपासायचं नाही त्या जागांच्या) यादीत अख्खा सी ड्राइव्ह बसवलेला. बरेच अ‍ॅक्टिव्हेटर हे काम गुपचूप करतात. अशा मशीनवर स्कॅन मारून ‘साफ झालं’ म्हणण्यात अर्थ नाही. रीसेटचा पर्यायही सोडला: ‘कीप माय फाइल्स’ निवडलं की यूझर फोल्डरातला कचरा जागेवरच राहतो. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि हा प्रोसेसर ११ च्या यादीत बसतो, म्हणून थेट ११. जोडीला २४० जीबीची साटा एसएसडी, लॅमिंग्टन रोडवरून, पक्क्या बिलावर. तिथेच दोन-चारशे रुपयांत मिळणाऱ्या विंडोजच्या ‘की’ला हात लावू नका. त्यातल्या बऱ्याच की कंपन्यांना एकगठ्ठा दिलेल्या (व्हॉल्यूम) असतात आणि पुढेमागे ब्लॉक होतात.

बॅकअप

फॉरमॅट मारणं कोणालाही जमतं. व्हायरस परत येतो तो बॅकअपमधून. म्हणून सगळ्यात जास्त वेळ इथे घातला.

लॅनची केबल काढून मशीन लिनक्स मिंटच्या लाइव्ह (इन्स्टॉल न करता चालणाऱ्या) पेनड्राइव्हवर चालू केलं. हा पेनड्राइव्ह दुसऱ्या, स्वच्छ मशीनवर बनवलेला. जुनी हार्डडिस्क टर्मिनलवरून ‘माउंट -ओ आरओ’ने फक्त वाचण्यापुरती जोडली. विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असेल तर पार्टिशन अर्धवट झोपलेलं असतं आणि मिंट त्यावर लिहायला नकार देतं; आपल्याला लिहायचंच नाही, त्यामुळे अडत नाही. डिस्क बिटलॉकरने (विंडोजच्या डिस्क-कुलपाने) बंद असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधी हाताशी हवी.

मिंटमध्ये लागण झालेला पेनड्राइव्ह उघडल्यावर गंमत कळते. ‘गायब’ झालेलं सगळं एका बिननावाच्या फोल्डरात असतं. नाव कोरं दिसतं, प्रत्यक्षात तिथे एक न दिसणारं स्पेसचं अक्षर आहे. विंडोजला तो फोल्डर हिडन आणि सिस्टीम म्हणून लपवायला सांगितलेलं असतं, लिनक्स ते मानत नाही.

काय घ्यायचं नाही याची यादी कधी पुरी होत नाही. म्हणून काय घ्यायचं तेवढंच ठरवलं: सीडीआर (कोरलड्रॉ), पी६५ (पेजमेकर), पीएसडी (फोटोशॉप), टिफ, जेपीजी, पीडीएफ, टीटीएफ (फॉन्ट). फाइली कॉपी करणाऱ्या आरसिंक कमांडला हे इन्क्लूड, शेवटी बाकी सगळं एक्सक्लूड. ‘पत्रिका.पीडीएफ.ईएक्सई’ असली नावं यात आपोआप गळतात. दोन ठिकाणी लोक हमखास फसतात. एक, सगळ्यात आधी फोल्डर इन्क्लूड करणारा नियम नसेल तर आरसिंक आतल्या फोल्डरांत शिरतच नाही आणि बॅकअप जवळपास रिकामा निघतो. दोन, लिनक्स लहान-मोठी अक्षरं वेगळी धरतं. जुन्या कॅमेऱ्यांचे फोटो मोठ्या अक्षरांतल्या एक्स्टेन्शनचे असतात, त्यांचा नियम वेगळा लिहावा लागतो. कोरलचे जीएमएस मॅक्रो (त्यातही कोड असतो) मुद्दाम मागे ठेवले.

डीटीपीवाल्यांसाठी खास: फॉन्ट विसरू नका. पत्रिकांचा जुना मजकूर युनिकोडमध्ये नाही. तो फॉन्ट नसेल तर ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी रोमन अक्षरांचा पाला दिसतो. फॉन्ट विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरात असतातच, पण विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून नुसत्या एका यूझरपुरते टाकलेले फॉन्ट अ‍ॅपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स या वाटेवर जातात. दोन्हीकडून उचलले. मूळ सीडी असेल तर तीच वापरलेली बरी.

पुसण्याआधी बॅकअपमधल्या वेगवेगळ्या वर्षांच्या फाइली दुसऱ्या मशीनवर उघडून पाहिल्या आणि दुसरी प्रत काढली.

इन्स्टॉल

मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल, ८ जीबीचा पेनड्राइव्ह. बायॉसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीचं बूट) बंद, इंटेल पीटीटी (विंडोज ११ मागते ती टीपीएमची सुरक्षा सोय) चालू, सिक्युअर बूट चालू. पीटीटी बंद राहिलं तर ‘हा पीसी ११ चालवू शकत नाही’ एवढंच दिसतं आणि लोक बोर्डाला दोष देतात. बूट मेनूत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसला तर यूईएफआय (नव्या पद्धतीचं बूट) लिहिलेला निवडायचा.

हार्डडिस्कची साटा केबल काढून ठेवली. दोन डिस्क असल्या की सेटअप कधी कधी ईएफआय पार्टिशन (विंडोज सुरू करणाऱ्या फाइलींचं) भलत्याच डिस्कवर टाकतो. मग जुनी डिस्क काढली की नवी विंडोज चालूच होत नाही. सेटअपमध्ये शिफ्ट-एफ१० ने कमांडची खिडकी, तिथे डिस्कपार्ट, लिस्ट डिस्क, आकार पाहून खात्री, सिलेक्ट, क्लीन (पार्टिशनची नोंद पुसणं). पार्टिशन सेटअपनेच पाडली. त्यानंतर विंडोज सुरू न करता पुन्हा त्याच पेनड्राइव्हवरून जुनी हार्डडिस्क जोडून तीही पुसली. व्हायरसपुरतं ‘क्लीन’ पुरतं. ‘क्लीन ऑल’ प्रत्येक सेक्टरवर शून्य लिहितो आणि १ टीबीला काही तास घेतो. डिस्क जुनी म्हणून इथे तोच चालवला. त्यानंतर डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये पेंडिंग (वाचताना अडलेले) सेक्टर शून्यावर आहेत का ते बघावं.

अकराव्या पिढीच्या लॅपटॉपवर हे करणाऱ्यांना सेटअपमध्ये डिस्कच दिसत नसेल तर घाबरू नका. इंटेल आरएसटीचा (डिस्क कंट्रोलरचा) ड्रायव्हर उलगडून पेनड्राइव्हवर ठेवा आणि ‘लोड ड्रायव्हर’ने दाखवा. लॅनचा ड्रायव्हर नसल्याने सेटअप नेटवर्कपाशी अडला तर फोनचं यूएसबी टेदरिंग बहुतेक वेळा चालतं.

नंतरचं

आधी अपडेट, मग बॅकअपचं स्कॅन, मग फाइली आत. फाइलींच्या नावांची एक्स्टेन्शन दिसतील असं सेटिंग. रोजच्या कामाला स्टँडर्ड अकाउंट, अ‍ॅडमिनचा पासवर्ड मालकाकडे. ऑप्शनल फीचर्समधून व्हीबीस्क्रिप्ट (व्हीबीएस फाइली चालवणारं) काढून टाकलं; या दुकानात त्याचा काही उपयोग नाही.

क्रोमचं सिंक लगेच चालू करू नका. जुन्या मशीनवरचं ब्राउझरचं घाणेरडं एक्स्टेन्शन गुगल खात्यासोबत नव्या विंडोजवर जसंच्या तसं उतरतं, आणि मग ‘फॉरमॅट करूनही गेला नाही’ म्हणून बोंब. आधी एक्स्टेन्शनचं सिंक बंद, मग लॉगिन. मेल आणि बँकेचे पासवर्ड फोनवरून बदलून घेतले, सगळ्या जुन्या उपकरणांवरचं लॉगिनही काढलं. चोरलेल्या कुकीला (ब्राउझरने साठवलेल्या लॉगिनला) पासवर्ड लागत नाही. पैसे गेले असते तर पहिला फोन १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला.

बाकी आहे: जुन्या मराठी फॉन्ट सॉफ्टवेअरचा डोंगल (लायसन्ससाठी जोडून ठेवायची किल्ली). विंडोज सिक्युरिटीतल्या कोअर आयसोलेशनच्या पानावर त्याचा ड्रायव्हर ‘विसंगत’ म्हणून दिसतो. मेमरी इंटिग्रिटी (त्याच पानावरचं ड्रायव्हरांवर पहारा ठेवणारं संरक्षण) बंद करून तो चालवायची इच्छा नाही. नवा ६४-बिट सही केलेला ड्रायव्हर कोणाकडे असेल तर आवृत्ती क्रमांक कळवा. तोवर गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह कोपऱ्यातल्या जुन्या मिंटच्या लॅपटॉपवर उघडून फक्त फाइल इकडे येते.